महजबीनचं राहिलेलं काम

प्रत्येक ग्रुपमध्ये जुनी गाणी ऐकणारा एकतरी दोस्त असतोच. रात्री बारानंतर तो हमखास एक गाणं लावतो. लताबाईंचा आवाज, तबला, घुंगरू आणि गाणं संपता संपता लांबून येणारी रेल्वेची शिट्टी. गाणं 'चलते चलते', सिनेमा 'पाकीझा'. त्याचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे रील्समध्ये फिरतात. खाली कुणीतरी 'ट्रॅजेडी क्वीन' असं लिहितं, कुणी तुटलेल्या बदामाचा इमोजी टाकतं आणि बोट पुढच्या रीलवर सरकतं.

त्या तुकड्यात दिसते ती मीनाकुमारी. 'पाकीझा' थिएटरात लागला ४ फेब्रुवारी १९७२ ला, शुक्रवारी. ती गेली ३१ मार्च १९७२ ला. तोही शुक्रवारच. मधे बरोब्बर आठ आठवडे. वय अवघं ३८.

दारू, मोडलेला संसार, आजारपण, एकटेपण हे सगळं तिच्या वाट्याला आलं, खोटं नाही. पण गेली पन्नास वर्षं तेवढंच सांगितलं जातंय. इतकं, की ही बाई रोज सकाळी उठून कामाला जायची, हेच आपण विसरून गेलो. पाच-सहा वर्षांची असताना ती स्टुडिओत शिरली आणि मरेपर्यंत काम करत राहिली. नव्वदहून जास्त सिनेमे केले. आणि शेवटी शरीर साथ देत नसताना, ज्या माणसाचं घर ती सोडून आली होती त्याच्याच सेटवर परत जाऊन तिने वर्षानुवर्षं बंद पडलेला एक सिनेमा पूर्ण करून दिला. तिची गोष्ट आज या कामाच्या बाजूने बघू.

दादरची बेबी मीना

जन्म १ ऑगस्ट १९३३, मुंबई. नाव महजबीन बानो. वडील अली बक्ष पारशी रंगभूमीवर वावरलेले, हार्मोनियम वाजवायचे, गाणं शिकवायचे, मिळेल ते काम करायचे. आई इक्बाल बेगम, मूळची प्रभावती, नाटकात काम करणारी, नाचणारी. घरी पैशांची कायम चणचण. एक मुलगी आधीच होती आणि आता मुलगा हवा होता. झाली दुसरी मुलगी. असं सांगतात, की बाळंतपणाचे पैसे भरायची ऐपत नसलेल्या वडिलांनी या तान्ह्या पोरीला अनाथाश्रमाच्या पायरीवर ठेवलं आणि काही तासांनी मन खाल्लं म्हणून परत उचलून आणलं.

तेव्हाचं दादर म्हणजे सिनेमाचं गाव. रणजीत, रूपतारा असे स्टुडिओ हाकेच्या अंतरावर. आजूबाजूला एक्स्ट्रा, वादक, मेकअपवाले, सुतार यांची घरं. अशा वस्तीत मुलांना शाळेआधी स्टुडिओ माहीत होतो. महजबीनला शाळेत जायचं होतं. कॅमेऱ्यासमोर जायची तिला हौस नव्हती. पण घरात चूल पेटायला हवी होती. प्रकाश पिक्चर्सच्या विजय भट्ट यांनी तिला 'लेदरफेस' या १९३९ च्या सिनेमात छोटं काम दिलं. पहिल्या दिवसाचे पंचवीस रुपये मिळाले, असं तिच्या चरित्रांत येतं. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. घराला कमावता हात मिळाला आणि तो हात होता एका बालवाडीच्या वयाच्या मुलीचा.

महजबीन हे नाव पडद्यासाठी लांब पडत होतं. विजय भट्टांनीच तिला 'बेबी मीना' केलं. बेबी मीना सिनेमात दिसायची आणि गायचीसुद्धा. पार्श्वगायन तेव्हा नुकतं रुळत होतं, त्यामुळे अनिल विश्वास यांच्यासारख्या संगीतकाराकडे 'बहन'मध्ये तिने लहानपणीच गाणं म्हटलं. घरी हार्मोनियम होतीच. हा धागा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

शाळा राहिलीच. पण अक्षरांची भूक गेली नाही. उर्दू ती घरी शिकली आणि मिळेल ते वाचत सुटली. सेटवर दोन शॉट्सच्या मधल्या वेळात पुस्तकात डोकं खुपसून बसलेली नटी अशीच तिची आठवण पुढे अनेकांनी सांगितली. १९४७ मध्ये आई गेली. तोवर 'बेबी' जाऊन 'मीनाकुमारी' आली होती. सुरुवातीला मिळाले ते 'वीर घटोत्कच', 'श्री गणेश महिमा' असले पौराणिक सिनेमे. मुकुट, दागिने, कापडावर रंगवलेले ढग. मोठ्या नट्या ज्याला हात लावायच्या नाहीत असं काम ती बिनतक्रार करत होती, कारण महिन्याच्या एक तारखेला घरभाडं द्यायचं होतं.

डाव्या हाताची करंगळी

१९५१ मध्ये महाबळेश्वरहून मुंबईला परतताना तिच्या गाडीला अपघात झाला. तिला पुण्यात ससूनमध्ये दाखल केलं. डाव्या हाताला जबर मार बसला आणि करंगळी कायमची अधू झाली. अठरा वर्षांची होऊ घातलेली, नायिका म्हणून नुकती उभी राहू बघणारी मुलगी. ज्या धंद्यात क्लोजअपवर पोट चालतं, तिथे हे संकट किती मोठं असेल याचा अंदाज करा.

तिने काय केलं? हात लपवायला शिकली. पदराच्या टोकात, ओढणीच्या घडीत, कधी दाराच्या चौकटीमागे, कधी उजव्या हाताखाली. कॅमेरा कुठे आहे, प्रकाश कुठून येतोय आणि आपला हात कुठे असायला हवा, याचा हिशेब ती प्रत्येक शॉटला करायची. आणि हे करताना चेहऱ्यावर काहीही दिसू द्यायची नाही. पदराशी चाळा करण्याच्या तिच्या ज्या लकबीवर लोक फिदा झाले, ती अशी निघालेली आहे. तिचा कुठलाही सिनेमा लावा आणि दहा मिनिटं फक्त डावा हात शोधत बसा. सहज सापडणार नाही.

याच काळात कमाल अमरोही तिच्या आयुष्यात आले. 'महल' (१९४९) या गाजलेल्या सिनेमाचे दिग्दर्शक, उर्दूचे उत्तम लेखक. आपल्या एका ठरलेल्या सिनेमासाठी त्यांनी तिला घेतलं होतं. अपघातानंतर ते मुंबईहून पुण्याला तिला भेटायला येऊ लागले. ससूनच्या त्या खोलीत दोघांचं जमलं. १४ फेब्रुवारी १९५२ ला दोघांनी गुपचूप निकाह केला. ती १८ वर्षांची, ते ३४ वर्षांचे, आधीच विवाहित आणि मुलाबाळांचे. ती निकाह लावून त्याच रात्री बापाच्या घरी परत गेली आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा कामाला लागली. पुढे वडिलांना कळलं, वादावादी झाली. १९५३ मध्ये पतीच्या 'दायरा' सिनेमासाठी तारखा द्यायच्या की मेहबूब खान यांच्या 'अमर'साठी, यावरून तट पडला. तिने 'दायरा' निवडला आणि घर सोडलं. 'अमर' मधुबालाकडे गेला आणि 'दायरा' साफ पडला.

गाणं दिसतं कसं?

पण त्याआधीच एक मोठी गोष्ट घडून गेली होती. लहानपणी तिला नाव देणाऱ्या विजय भट्टांनीच तिला 'बैजू बावरा' (१९५२) मध्ये नायिका केलं. संगीत नौशाद यांचं. हा सिनेमा गाण्यावरचाच. त्यातल्या जुगलबंदीसाठी उस्ताद अमीर खाँ आणि आपले पंडित द. वि. पलुस्कर गायले. सिनेमा तुफान चालला. १९५४ मध्ये फिल्मफेअरचे पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले, तेव्हा उत्कृष्ट अभिनेत्रीचा पहिला पुरस्कार मीनाकुमारीला 'बैजू बावरा'साठी मिळाला. दुसऱ्या वर्षीचाही तिलाच, बिमल रॉय यांच्या 'परिणीता'साठी.

इथे तो जुना धागा पकडू. हिंदी सिनेमात गाणं आधी रेकॉर्ड होतं. सेटवर ते स्पीकरवरून मोठ्याने वाजतं आणि नटी त्यावर ओठ हलवते. ऐकायला सोपं वाटतं. पण गाणारी व्यक्ती श्वास घेते, सुरावर थांबते, एखादा शब्द हलकेच सोडते. ओठ बरोबर हलले पण श्वास चुकीच्या जागी घेतला, तर बघणाऱ्याला कारण कळत नाही, तरी काहीतरी खोटं वाटतं. मीनाकुमारीच्या गाण्यांत असं खोटं फारसं सापडत नाही. स्वतः गायलेली, हार्मोनियमच्या घरात वाढलेली मुलगी होती ती. लताबाई जिथे श्वास घेतात तिथे हिचा गळा किंचित हलतो. ओठ ती कमीतकमी उघडते आणि उरलेलं डोळ्यांवर सोपवते. 'दिल अपना और प्रीत पराई' (१९६०) मधलं 'अजीब दास्ताँ' हे गाणं बघा. नर्सच्या भूमिकेतली ती बोटीवरच्या पार्टीत उभी राहून गाते. फार हालचाल नाही, हावभाव तर त्याहून कमी. तरी नजर दुसरीकडे जात नाही.

आणि हो, ती फक्त रडायची हा समज आधी डोक्यातून काढून टाका. 'आझाद' (१९५५) बघा. दिलीपकुमारबरोबर धमाल, साहसपट, मारामाऱ्या आणि सी. रामचंद्र यांची, म्हणजे आपल्या रामचंद्र चितळकरांची उडती गाणी. 'मिस मेरी' (१९५७) ही निखळ कॉमेडी. 'कोहिनूर' (१९६०) मध्ये पुन्हा दिलीपकुमार, पुन्हा हसवणूक. तिचं टायमिंग पक्कं होतं. पण प्रेक्षकांना तिचं रडणं जास्त आवडलं आणि निर्मात्यांना प्रेक्षकांची आवड माहीत होती.

१९६२ मध्ये आला गुरुदत्त यांची निर्मिती असलेला 'साहिब बीबी और गुलाम'. नवऱ्याने घरी थांबावं म्हणून त्याच्या हट्टापायी दारूचा पेला उचलणारी, पुढे त्यातच बुडणारी छोटी बहू. पुढच्या वर्षीच्या फिल्मफेअरमध्ये उत्कृष्ट अभिनेत्रीसाठी तीन नामांकनं होती आणि तिन्ही मीनाकुमारीची: 'साहिब बीबी और गुलाम', 'आरती' आणि 'मैं चुप रहूंगी'. स्पर्धा तिची तिच्याशीच होती.

छोटी बहू इतकी खरी झाली, की लोकांनी नटी आणि भूमिका एक करून टाकल्या. तिला झोप यायची नाही. झोपेसाठी औषधासारखी घोटभर ब्रँडी घ्यायचा सल्ला तिला मिळाला आणि त्या घोटाची सवय झाली, असं तिचे चरित्रकार लिहितात. व्यसन खरंच होतं. पण ही कलाकार दिवसाच्या दोन-दोन शिफ्ट करत होती, हेही तितकंच खरं आहे.

सोळा वर्षांचा सिनेमा

आता 'पाकीझा'. कमाल अमरोहींनी हा सिनेमा पत्नीसाठी योजला आणि १९५६ च्या सुमारास त्याची सुरुवात झाली. कोठ्यावर वाढलेली साहिबजान. एके रात्री ती रेल्वेच्या डब्यात झोपलेली असताना एक अनोळखी प्रवासी तिच्या सुंदर पायांवर भाळतो आणि चिठ्ठी ठेवून निघून जातो. त्या दिवसापासून रेल्वेची शिट्टी ऐकली की तिला तो माणूस आठवतो. 'चलते चलते' हे गाणं शिट्टीवर का संपतं, ते आता कळलं असेल. कोठ्यावर मैफल सुरू आहे, समोर पैसे उधळणारे बसलेत, आणि ती मनाने त्या गाडीत आहे. शिट्टी हा त्या गाण्याचा भागच आहे. कैफी आझमींचे शब्द जिथे थांबतात तिथून पुढची गोष्ट शिट्टी सांगते.

ही शिट्टी ज्या गाण्यात बसवली, त्या गाण्याचे संगीतकार होते गुलाम मोहम्मद. राजस्थानातल्या बिकानेरचे, तबला आणि ढोलक यांत तयार. नौशाद यांचे सहायक म्हणून त्यांनी बरीच वर्षं काढली. स्वतंत्रपणे 'मिर्झा गालिब' (१९५४) केला. त्या सिनेमाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. इतकं होऊनही मोठी बॅनर्स त्यांच्याकडे वळली नाहीत. 'पाकीझा' हे त्यांच्या हातातलं सगळ्यात मोठं काम होतं. त्यांनी यात जीव ओतला. ठेका ऐका. वाद्यं मोजकी, गर्दी नाही, आणि आवाजाला मोकळी जागा.

कॅमेरा होता योझेफ विर्शिंग यांच्याकडे. हे मूळचे जर्मन. बॉम्बे टॉकीजसाठी भारतात आले आणि इथलेच झाले. 'महल'चा तो धुकट, गूढ प्रकाश त्यांचाच. 'पाकीझा' आधी कृष्णधवल सुरू झाला. मग रंगीत सिनेमांचे दिवस आले, म्हणून रंगीत करायचं ठरलं. पुढे सिनेमास्कोपचा रुंद पडदा आला. पुन्हा बदल, पुन्हा शूटिंग. अमरोहींना घाई मंजूर नव्हती. त्यांच्या या हट्टाचं फळ बघायचं असेल तर सुरुवातीचं बाजारातल्या कोठ्यावरचं गाणं बघा. मीनाकुमारी पुढे नाचतेय आणि मागे लांब लांब, वेगवेगळ्या सज्जांवर दुसऱ्या बायका आपापला नाच करतायत. मोबाइलच्या स्क्रीनवर त्या ठिपक्यांएवढ्या दिसतात. मोठ्या पडद्यावर मात्र तो अख्खा बाजार जिवंत होतो, आणि कळतं की ही एका साहिबजानची गोष्ट नाही.

सिनेमा वाढत होता आणि घर मोडत होतं. संध्याकाळी ठरल्या वेळी घरी यायचं, मेकअपच्या खोलीत परक्या माणसाने यायचं नाही, अशी बंधनं तिच्यावर होती, असं चरित्रांत नोंदवलेलं आहे. देशातली सगळ्यात मोठी नटी, कमावती बाई, आणि घरी येण्याच्या वेळेवर पहारा. मार्च १९६४ मध्ये एका सिनेमाच्या मुहूर्ताच्या दिवशी सेटवरच पतीच्या सहायकाशी वाद झाला आणि प्रकरण हात उगारण्यापर्यंत गेलं. त्या दिवशी ती घरी परतली नाही. धाकटी बहीण मधू आणि तिचा नवरा, विनोदी नट मेहमूद, यांच्याकडे गेली. नवरा-बायको वेगळे झाले. 'पाकीझा'ची रिळं डब्यात गेली.

ज्यांनी वाट बघितली

एक सिनेमा बंद पडला म्हणजे काय होतं? हीरो-हिरॉइनची हजार कामं असतात. पण त्या सिनेमावर ज्यांनी आपली सगळी पुंजी लावली, त्यांचं काय?

मीनाकुमारी दुसरे सिनेमे करत राहिली. 'काजल'साठी (१९६५) तिला चौथा फिल्मफेअर मिळाला. तब्येत मात्र ढासळत होती. १९६७ मध्ये विर्शिंग वारले. मार्च १९६८ मध्ये गुलाम मोहम्मद गेले. परिस्थिती बेताची, हाताला काम नाही, आणि आयुष्यातली सगळ्यात चांगली गाणी एका बंद खोलीत पडलेली. कुणी ती ऐकली नव्हती. ती कधी बाहेर येतील की नाही, हेही ठाऊक नव्हतं.

त्याच वर्षी मीनाकुमारी यकृताच्या आजारावर उपचारासाठी लंडनला गेली. आजार गंभीर होता. जरा बरी होऊन परत आली, ती काम कमी करण्याची समज घेऊनच. आणि मग 'पाकीझा'चा विषय पुन्हा निघाला. अमरोहींनी तिला गळ घातली. नर्गिस आणि सुनील दत्त यांनी जुनी रिळं बघितली आणि हा सिनेमा असा टाकून देण्याजोगा नाही, असं दोघांनी त्या दोघांना पटवलं. मार्च १९६९ मध्ये शूटिंग पुन्हा सुरू झालं. मानधन म्हणून तिने एक सोन्याची गिनी घेतली, असं सांगतात.

ती परत का गेली, यावर पुष्कळांनी पुष्कळ लिहिलंय. जुनं प्रेम, माफी, नियती वगैरे. असेलही. पण सेटवर परतलेल्या त्या बाईने जे केलं ते बघितलं, की एक साधी गोष्ट दिसते. तिला काम पूर्ण करायचं होतं.

शरीर थकलेलं होतं. तासन् तास उभं राहणं जमत नव्हतं, मग नाचणं कुठलं! शेवटच्या मोठ्या नृत्यात, जिथे साहिबजान आपल्याच प्रियकराच्या लग्नात फुटलेल्या काचांवर नाचते, तिथे चेहऱ्यावर ओढणी घेऊन पद्मा खन्ना नाचल्या. जिथे चेहरा दिसायला हवा तिथे मीनाकुमारी. इतर ठिकाणी तिला बसवून, टेकवून, जवळून शॉट घेतले. सुजलेलं पोट झाकलं जाईल असे सैल कपडे योजले. आणि हे कपडे कुणाचे? 'पाकीझा'च्या श्रेयनामावलीत वेशभूषेसाठी नाव आहे मीनाकुमारीचंच. ज्या पोशाखांचे फोटो आजही कॉलेजच्या रेट्रो डेच्या आदल्या रात्री शोधले जातात, ते तिने योजलेले आहेत. आजार झाकणं आणि साहिबजान सजवणं, दोन्ही एकाच कापडात.

विर्शिंग नव्हते, मग त्यांच्या प्रकाशाला धक्का लागू न देता इतर छायालेखकांनी उरलेलं काम केलं. नायक म्हणून आधी ठरलेले अशोककुमार आता नायिकेच्या वडिलांच्या भूमिकेत होते. नायक होता राजकुमार. गुलाम मोहम्मद नव्हते, मग पार्श्वसंगीताला त्यांचे जुने गुरुबंधू म्हणा, साहेब म्हणा, नौशाद धावून आले. एकेकाळच्या सहायकाचं राहिलेलं काम साहेबाने पूर्ण केलं, असं आपल्या सिनेमात फार वेळा घडलेलं नाही.

एव्हाना जमाना बदलला होता. 'आराधना' येऊन गेला होता, राजेश खन्नाचं वारं होतं, गिटार आणि बाँगोचे दिवस होते. या जुन्या चाली आता कोण ऐकणार, त्या बदला, असा सल्ला अमरोहींना दिला गेला. त्यांनी नकार दिला. जो माणूस आज स्वतःची बाजू मांडायला हयात नाही, त्याची गाणी काढायची नाहीत, या भूमिकेवर ते ठाम राहिले. नवरा म्हणून त्यांच्याविषयी काहीही मत असो, दिग्दर्शक म्हणून ही एक गोष्ट त्यांच्या खात्यावर जमा करायलाच हवी.

सिनेमा लक्षपूर्वक बघितला तर मीनाकुमारीचा चेहरा मधेच बदलतो. एका शॉटमध्ये पंचविशीची, दुसऱ्यात पस्तिशी ओलांडलेली. आवाजही थोडा जड होतो. सोळा वर्षांचा काळ अडीच तासांत दिसतो. आज हे संगणकावर घासून पुसून टाकता येईल. पण कृपा करून कुणी तसं करू नये.

मराठा मंदिर आणि नंतर

प्रीमियर मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरला झाला. मीनाकुमारी स्वतः आली होती. सुरुवातीचे दिवस सिनेमा जेमतेम चालला. संथ आहे, जुनाट आहे, असं परीक्षणांत आलं. मार्च संपताना तिला मुंबईच्या सेंट एलिझाबेथ नर्सिंग होममध्ये दाखल केलं आणि ३१ तारखेला तिने डोळे मिटले. माझगावच्या रहमताबाद कबरस्तानात तिला दफन केलं. आणि मग थिएटरांबाहेर रांगा लागल्या. जिवंतपणी ज्या सिनेमाला लोक कंटाळवाणा म्हणाले, तो बघायला तेच लोक रुमाल घेऊन आले. 'पाकीझा' त्या वर्षीच्या मोठ्या यशस्वी सिनेमांपैकी एक झाला.

पुढच्या वर्षीचे फिल्मफेअर पुरस्कार जाहीर झाले. 'पाकीझा'च्या त्या भव्य सेट्ससाठी कला दिग्दर्शनाचा पुरस्कार एन. बी. कुलकर्णी यांना मिळाला. संगीताचा पुरस्कार मात्र शंकर-जयकिशन यांच्या 'बेईमान'ला गेला. त्याच 'बेईमान'साठी प्राण यांना सहायक अभिनेत्याचा पुरस्कार जाहीर झाला होता. गुलाम मोहम्मद यांना डावललं म्हणून प्राण यांनी तो घ्यायला नकार दिला. स्वतःच्याच सिनेमाला पुरस्कार मिळाला असताना, हयात नसलेल्या आणि आपल्याला काही देऊ न शकणाऱ्या एका संगीतकारासाठी त्यांनी ट्रॉफी नाकारली.

मीनाकुमारीच्या मागे दागिने-बंगले यांपेक्षा जास्त मोलाचं जे राहिलं, ते होत्या वह्या. 'नाज' या नावाने ती शायरी लिहायची. शाळा अर्धवट राहिलेल्या त्या मुलीने आयुष्यभर लिहिलं, आणि जाण्याआधी १९७१ मध्ये खय्याम यांच्या संगीतासह स्वतःच्या आवाजात तिच्या कवितांची एक रेकॉर्ड निघाली. वह्या तिने गुलजार यांच्याकडे सोपवल्या. त्याच गुलजारांच्या दिग्दर्शक म्हणून पहिल्या सिनेमात, 'मेरे अपने'मध्ये, तिने म्हातारीचं काम केलं होतं. वय तेव्हा चाळिशीच्याही आत. केस पांढरे, ग्लॅमर शून्य. बेकार, चिडलेल्या कॉलेजकुमारांच्या टोळ्यांमध्ये अडकलेली एक खेड्यातली आजी. तुमच्या वयाच्या मुलांवरचा तो सिनेमा आहे. जरूर बघा.

आपल्याला दुःख आवडतं. विशेषतः दुसऱ्याचं, सुंदर चेहऱ्यावरचं, पार्श्वसंगीतासहित. स्टेटसला लावायला ते सोयीचं असतं. 'ट्रॅजेडी क्वीन' हा किताब असाच सोयीचा आहे. तो दिला की त्या बाईची मेहनत मोजावी लागत नाही. श्वास कुठे घ्यायचा, हात कुठे लपवायचा, कापड कसं पडायला हवं, हे सगळं तिने शिकून घेतलं होतं. नुसत्या दुःखाने सिनेमा बनत नाही. तसं असतं तर घरोघरी 'पाकीझा' बनला असता.

'पाकीझा' ज्यांच्या खांद्यावर उभा राहिला, त्यांतल्या तिघांची नावं आज घेतली. विर्शिंग यांनी त्यातला प्रकाश पडद्यावर बघितला नाही. गुलाम मोहम्मद यांनी ती शिट्टी थिएटरच्या अंधारात ऐकली नाही. तिसरी होती महजबीन. दोघांचं अर्धं राहिलेलं काम तिच्या परत येण्यावर अडलं होतं. ती आली, तिने ते पूर्ण केलं आणि फेब्रुवारीतल्या त्या रात्री मराठा मंदिरच्या खुर्चीत बसून शेवटपर्यंत बघितलं.